एका चालू इच्छिणाऱ्या नागरिकाचं निवेदन

पाणथळ जागांसाठी इराणमध्ये, कॅस्पियन समुद्राच्या काठच्या रामसर गावात 2 फेब्रुवारी 1971 रोजी आंतरराष्ट्रीय करार झाला. पक्ष्यांसाठी आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. बदकांची दर जानेवारीत आशियाभर रीतसर गणना होते. यांपैकी कशालाही माझी हरकत नाही. माझं म्हणणं इतकंच, की त्याच पाण्याच्या काठाने, सपाट वाटेवरून, कुणाचं काही न बिघडवता सलग दहा पावलं टाकू इच्छिणाऱ्या माणसासाठी कोणत्याही समुद्राच्या काठी कोणीही अद्याप काहीही केलेलं नाही. चहा घ्या. तुमच्यावरही असा प्रसंग आलेला दिसतो, नाहीतर तुम्ही इथवर वाचलं नसतं.

जागा तुम्हाला ठाऊक असेल. नांदूर मध्यमेश्वर, तालुका निफाड, जिल्हा नाशिक. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे इंग्रजांच्या काळात बंधारा घातला, त्यातून डावा आणि उजवा असे दोन कालवे काढले आणि पाणी खालच्या अंगाला, कोपरगावकडे पाठवलं. मागे जलाशय राहिला आणि त्यात वर्षानुवर्षं गाळ साचत गेला. गाळाची बेटं झाली, बेटांवर पानकणीस आणि लव्हाळे माजले, उथळ पाण्यात मासे-किडे वाढले आणि ते खायला पक्षी आले. 1986 मध्ये अभयारण्य झालं. 2020 च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून नाव जाहीर झालं. आता मला सांगा, दुसऱ्या कुठल्या तलावात एवढा गाळ साचला असता तर चौकशी लागली असती. इथे गाळाला आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. मीही बरीच वर्षं एका जागी बसून होतो, माझ्याही पोटाभोवती थोडंफार साचलं. मला मात्र दर्जा वगैरे काही मिळाला नाही. मला डॉक्टरांकडे पाठवण्यात आलं.

डॉक्टरांनी आदेश दिला, आठवड्याला 150 मिनिटं चाला. जरा दम लागेल असं चाला आणि अधेमधे थांबू नका. शेवटच्या वाक्याखाली त्यांनी पेनाने रेघही मारली. हा कागद मी जपून ठेवला आहे, पुढे लागेल.

आमचे साडू निवृत्त आहेत आणि पक्षी बघतात. ते म्हणाले, "भाऊसाहेब, मग आमच्याबरोबर नांदूरला चला की. एकदम सोपी वाट. चढ नाही, उतार नाही, वाहनं नाहीत. सकाळची हवा." या निवेदनात मला त्यांच्यावर खोटेपणाचा आरोप करता येत नाही, हीच खरी अडचण आहे. त्यांचं प्रत्येक विधान खरं निघालं. चापडगावच्या बाजूने पाण्याच्या कडेकडेने निरीक्षण मनोऱ्याकडे जाणारी ती वाट खरोखर सपाट आहे. चढ नाही. उतार नाही. त्या वाटेवर चालायचं नसतं, एवढीच माहिती मला तोंडी वा लेखी देण्यात आली नव्हती.

वेळ पहाटेची ठरली. निफाडची थंडी तुम्ही पेपरात वाचली असेल. हिवाळ्यात राज्याचा नीचांकी पारा छापायची वेळ आली की वार्ताहर आधी निफाडला फोन करतात. त्या दिवसांत तिथले द्राक्षबागायतदार घडांना ऊब मिळावी म्हणून बागांमधून शेकोट्या पेटवतात. द्राक्षांसाठी. वाटेत गाडीच्या काचेतून त्या शेकोट्या बघत मी हात चोळत होतो. मनात आलं, इथे उतरलो तर निदान द्राक्षांच्या शेजारी बसता येईल. पण साडूंचं म्हणणं पडलं की उजाडायच्या आत पोचलं पाहिजे, कारण पक्षी लवकर उठतात. उठू देत. त्यांना कुठे ऑफिस होतं?

मफलरचा मुद्दा इथेच नोंदवून टाकतो. सासूबाईंनी दोन्ही जावयांना एकेक मफलर विणून दिला. साडूंचा मातकट, माझा लालभडक. घरात असताना मला यात काही वावगं वाटलं नव्हतं, उलट लाल लोकर महाग असते असं सौ. म्हणाली होती. अभयारण्याच्या दाराशी साडूंच्या गटातल्या एका बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "काका, हा काढता का? बदकं उठतील." म्हणजे सात अंशांत कोणाचा गळा झाकायचा आणि कोणाचा उघडा ठेवायचा, हे सैबेरियातून आलेली बदकं ठरवणार. ती तिथली थंडी सोसवत नाही म्हणून इकडे येतात आणि आल्याबरोबर माझा मफलर काढायला लावतात. सासूबाईंनी इतक्या वर्षांपूर्वी कोणाला मातकट द्यायचा आणि कोणाला लाल, हे कशाच्या आधारे ठरवलं, याचाही खुलासा मागवायला हवा.

असो. बुटाची नाडी आवळली, दोन्ही हात झटकले आणि डॉक्टरांच्या आदेशानुसार कार्यवाही सुरू केली. सहावं पाऊल पडायच्या आत मागून दंड धरला गेला. "थांबा! हलू नका!" मला वाटलं, साप. साप असता तर माझी काहीच तक्रार नव्हती. तो धोबी निघाला. धोबी म्हणजे शेपूट वरखाली करत हिंडणारा तो चिमणीएवढा पक्षी, आमच्या सोसायटीच्या टाकीवरही येतो. वाटेच्या मधोमध तो चालत होता. कृपया शब्दाकडे लक्ष द्या, चालत होता. दहा-पंधरा पावलं गेला, एक किडा खाल्ला, आणखी दहा-पंधरा पावलं गेला. त्याला मोकळेपणाने चालता यावं म्हणून आम्ही सात प्रौढ माणसं, त्यांत तिघे पेन्शनर, श्वास धरून उभे होतो. मी तर एक पाय अधांतरी ठेवून उभा होतो, कारण हलू नका असं सांगितलं तेव्हा पाय नेमका तिथे होता.

मग हे प्रकरण किती खोलवर गेलेलं आहे ते हळूहळू माझ्या लक्षात आलं. त्या जलाशयावर सगळे चालतात. शेकाट्या आपल्या लांबलचक लाल तंगड्यांवर उथळ पाण्यातून चालतो. कमळपक्षी तर पाण्यावर तरंगणाऱ्या पानांवरून चालतो, त्यासाठी निसर्गाने त्याला हातभर बोटं दिली आहेत. जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्यातून बाहेर येते, एकेक पाय उचलून, बोटं मिटून, पुन्हा उलगडून, सावकाश खाली ठेवते आणि शेपटीखालचा पांढरा भाग दर पावलाला झटकते. "काय चाल आहे!" असं गटातल्या बाई डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या. चाल! माझ्या चालीबद्दल आजवर कोणी असं बोललेलं नाही. त्या पाणकोंबडीला रक्तदाबाचा त्रास नाही, साखर नाही, तिला कुणी 150 मिनिटांचं बंधन घातलेलं नाही. तरी सगळी मोकळी वाट तिला. आणि माझ्याकडे वैद्यकीय कागद असताना मी उभा.

बरं, उभं राहून नुसतं उभं राहता येईल, तर तेही नाही. बघावं लागतं. "तो बघा, त्या बाभळीवर." तुम्ही कधी नांदूरच्या काठावर गेला असाल तर तुम्हाला कळेल, तिथे बाभूळ सोडून दुसरं झाड शोधणं हा स्वतंत्र छंद होऊ शकेल. "कुठल्या बाभळीवर?" "वाळक्या फांदीच्या." सगळ्यांना वाळक्या फांद्या. "डावीकडून तिसरी. अहो, तिच्या मागची!" तोवर कोणीतरी दुर्बीण माझ्या हातात देतं. दुर्बीण चष्म्यावर लावली की काळं वर्तुळ दिसतं, चष्मा काढून लावली की स्वतःच्या पापण्या दिसतात. मध्यंतरात सगळे एकसुरात "आहाहा" म्हणतात आणि मग तो शब्द येतो, "उडाला."

यावर मी एक उपाय शोधला. "दिसला" असं म्हणायचं. या वाटेवर "दिसला" हा टोल आहे. तो भरल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. माझा अंदाज आहे की गटातले निम्मे लोक टोल भरूनच पुढे जात होते, कारण मधमाश्या खाणारा वेडा राघू तारेवर बसला होता तेव्हा तो मला खरोखर दिसला आणि दोघंजण त्याच वेळी भलतीकडे बघून "सुरेख, सुरेख" म्हणत होते. पण साडूंनी माझी उलटतपासणी घेतली. "दिसला ना? नर की मादी?" आता नव्याने आलेल्या माणसाला असं विचारतात का? मी "नर" म्हणालो. साडूंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं, "हळदी-कुंकू बदक आहे हो. यांच्यात नर-मादी दिसायला सारखेच." मग विचारलं कशाला? चोचीच्या टोकाला पिवळं आणि मुळाशी लाल ठिपका म्हणून हळदी-कुंकू, हेही त्यांनी तिथेच समजावून सांगितलं. समजावणं संपलं तेव्हा बदक नव्हतं, पण मी होतो, त्याच जागेवर.

पुढचा मुक्काम वटवट्यांपाशी. मुक्कामच म्हणतो, दुसरा शब्द नाही. वटवट्या हा पक्षी पानकणसाच्या दाटीत राहतो आणि आतून आवाज करतो. तो दिसत नाही. दिसला तर मातकट असतो, म्हणजे दिसला तरी दिसत नाही. त्याच्या जातभाईंमध्ये फरक ओळखायचा तो आवाजावरून. तेव्हा एका हिरव्या भिंतीसमोर आम्ही सगळे तोंड करून उभे राहिलो आणि भिंत बडबडत होती. जाणाऱ्या-येणाऱ्या शेतकऱ्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही, यावरून त्यांना आमची सवय असावी. मी साडूंना हळूच म्हणालो, "अण्णा, हा असाच बोलत राहणार असेल तर मी तोवर मनोऱ्यापर्यंत जाऊन येतो." त्यावर सहा बोटं सहा ओठांवर गेली.

मनोऱ्यावर मला आशा होती. तिथून सगळं एकदम दिसतं. म्हणजे बघून झालं की परतीची वाट तरी चालून टाकू, असा माझा हिशोब. पण वर गेल्यावर कळलं की इथे नुसतं बघायचं नसतं, मोजायचं असतं. थापट्या किती, तलवार बदकं किती, चक्रवाक किती. तिपायीवर दुर्बीण लावून साडू दहा-दहाच्या घोळक्याने मोजत होते आणि मी आकडे टिपत होतो. कडाक्याच्या थंडीत मला विनावेतन लिपिक केल्याचं आपल्या लक्षात आलं असेलच. चारशेच्या पुढे गेलो. इतक्यात भोवत्या आला. भोवत्या हा शिकारी पक्षी पाण्यावरून खालून खालून, काहीतरी हरवल्यासारखा फिरतो. त्याने काही धरलं नाही, कुणाला टोचलं नाही, नुसता फिरला. सगळी बदकं उठली, आकाशात दोन चकरा मारल्या आणि परत बसली, पण वेगळ्या जागी, एकमेकांत मिसळून. साडूंनी चष्मा पुसला. म्हणाले, "पहिल्यापासून."

इथे एक गोष्ट मला प्रामाणिकपणे विचारायची आहे. ती बदकं मध्य आशियातून, सैबेरियातून येतात. हजारो किलोमीटर. वाटेत हिमालय आहे. त्यांना कझाकस्तानात कुणी दंड धरून थांबवत नाही. आणि मी, करदाता, दाराशी रीतसर पावती फाडून आत आलेला माणूस, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जाऊ शकत नाही. साडूंना हे बोलून दाखवलं तर ते म्हणाले, "अहो, गोदावरीसुद्धा इथे थांबते." थांबते कसली, अडवली आहे तिला. आणि तीसुद्धा दोन कालव्यांतून निसटते.

परतताना वाट बंद होती. छायाचित्रकार. वाटेवर आडवा, पोटावर झोपलेला, अंगावर सैन्याच्या कापडाचा झगा, पुढे तोफेएवढी लेन्स. समोर पन्नास फुटांवर टिटवी उभी. टिटवीचा आवाज तुम्ही ऐकला असेल, रात्री-अपरात्री डोक्यावरून जाते. शेतात, माळावर, सरकारी विश्रामगृहाच्या आवारात, कुठेही असते. तिच्यासाठी हा मनुष्य किती वेळ झोपला होता कोण जाणे, बुटांवर दव पडलेलं होतं. मी "जरा साइड द्या" म्हणालो नाही. आता मी त्या वाटेचे नियम शिकलो होतो. मी नुसता खाकरलो. टिटवी उडाली आणि जाताना एवढा आरडाओरडा केला की अर्ध्या जलाशयाला कळलं कोणाची चूक. छायाचित्रकार उठला नाही, फक्त मान वळवली. तो जे बोलला नाही ते मला अजून ऐकू येतं.

आणि मग म्हशी आल्या. चांगल्या पंधरा-वीस. मागे काठी घेतलेला एक पोरगा. त्या सरळ आल्या, त्याच वाटेने, वाटेच्या मधून, कुणाकडे न बघता, एकसारख्या गतीने, डॉक्टरांच्या कागदाप्रमाणे तंतोतंत, अधेमधे न थांबता. कुणी "हलू नका" म्हणालं नाही. कुणी ओठांवर बोट ठेवलं नाही. छायाचित्रकार टाकोटाक उठून बाभळीला टेकला. मी त्या म्हशींच्या मागे लागलो. खोटं कशाला सांगू, त्या सकाळी जे काही खरं चालणं झालं ते तेवढंच. दम लागत होता, अंगात ऊब आली होती, काळ्या मातीवर बूट धपधप वाजत होते. पोरगा मागे वळून हसला, मीही हसलो. इतक्यात मागून साडूंची हाक आली. "भाऊसाहेब, थांबा! तिथेच उभे राहा! तुमच्या बाजूच्या म्हशीवर गायबगळा आहे!" म्हशी पुढे गेल्या. गायबगळाही गेला, म्हशीवर बसून, एक पाऊल न टाकता.

त्यानंतर मिसळ झाली. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, तर्री योग्य होती. फक्त टेबलावर सगळ्यांनी मोबाइल काढून यादीची खातरजमा सुरू केली आणि पाव गार होत राहिले. साडूंकडे एक अ‍ॅप आहे. गट किती वाजता निघाला, किती वेळ फिरला, किती अंतर चालला आणि निरीक्षक किती, सगळं त्यात चढतं आणि जगभरातले शास्त्रज्ञ ती माहिती वापरतात म्हणे. मी ते पाहायला मागितलं. वेळ, तीन तास दहा मिनिटं. अंतर, सव्वा किलोमीटर. आणि निरीक्षक, सात. म्हणजे ज्याला पापण्यांव्यतिरिक्त फारसं काही दिसलं नाही त्याचीही निरीक्षक म्हणून, पूर्वसंमती न घेता, जागतिक पातळीवर नोंद झालेली आहे. माझं नाव वगळा, अशी मी तोंडी विनंती केली. साडू म्हणाले, तसं केलं तर माहिती चुकीची होईल.

पण तो पडदा मी माझ्या मोबाइलवर मागवून घेतला, कारण तो पुरावा होता. तीन तास दहा मिनिटांत सव्वा किलोमीटर. या वेगाने कासवसुद्धा घरी लाजेल. पुढच्या तपासणीला मी तो पुरावा आणि रेघ मारलेला आदेश, दोन्ही घेऊन डॉक्टरांसमोर बसलो. आधी कागद टेबलावर ठेवला, अधेमधे थांबू नका हे वाक्य बोटाने दाखवलं आणि मग मोबाइल पुढे सरकवला. डॉक्टरांची घाई होती, बाहेर पेशंट खोळंबले होते. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला, पडद्यावर पहिली ओळ वाचली आणि चेहरा उजळला. "तीन तास! एका दिवसात! शाब्बास. अहो, माझे इतर पेशंट अर्धा तासही चालत नाहीत." मी म्हणालो, "डॉक्टर, त्याच्या खालची ओळ..." पण ते लिहायला लागले होते. फाइलमध्ये लिहिलं आहे: सध्याचा व्यायाम उत्तम, दर रविवारी असाच चालू ठेवावा.

फाइल सौ.च्या हाती आहे. तिने तो मजकूर फोनवर बहिणीला वाचून दाखवला, बहिणीने साडूंना. येत्या रविवारी गाडी पहाटे पाचला येणार आहे. सासूबाईंनी नवा मफलर विणायला घेतला असल्याचं समजतं. रंग अजून कळवलेला नाही.